नाल्याकाठचं अर्थशास्त्र

पावसात स्वतः नखशिखांत भिजून हातातलं पुस्तक मात्र खडखडीत कोरडं घरी नेणारी बाई उभ्या आयुष्यात मी एकच पाहिली, आणि ती म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. पुढे पुष्कळ विद्वान माणसं भेटली. काचेच्या कपाटात पुस्तकं मांडून किल्ली कमरेला लावणारी भेटली, पुस्तकांवर बोलता बोलता चहावर साय धरली तरी न थांबणारी भेटली. पण पुस्तकाचा, त्यातही मागून आणलेल्या पुस्तकाचा, एवढा जीव जपणारं माणूस पुन्हा काही भेटलं नाही. तान्ह्या पोराला घेऊन माहेराहून निघालेली बाई जशी आभाळाकडे पाहत पाहत पाय उचलते, तशी ती लायब्ररीतून बाहेर पडायची. फरक इतकाच, की पोराच्या अंगावर चार थेंब पडले तर बाई पदरानं पुसून घेते. हिच्या पुस्तकावर एक थेंब पडला असता तर त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नसती.

ही गोष्ट सत्तर सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. आमच्या दोन गावांतून वाशीमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री करण्यावाचून आम्हाला इलाजच नव्हता. माझं गाव बसच्या रस्त्यावर, तिचं गाव नाल्यापलीकडे. रोज सकाळी ती नाल्यातल्या दगडांवर पाय देत अलीकडे यायची आणि बस येईपर्यंत आमच्या घरी थांबायची. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेलं तिचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रोज घासून लख्ख केलेली पितळी समई. आम्ही कुणबी. माझ्या आईला तिचं फार कौतुक, पण तिचा चहा यायचा तो ओसरीवर, वेगळ्या कपात. तेव्हा गावात हे असंच चालायचं, आणि तिला ते दिसत नव्हतं असं मुळीच नाही. चहा पिऊन ती कप स्वतः विसळायची, पालथा घालायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "चाल वं, बस येन आता."

तिचं पुस्तक बांधणं हा एक सोहळाच होता. आधी जुना पेपर. त्यावर आईच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा, धुऊन वाळवलेला. त्यावर खताच्या पोत्यातून काढलेली मेणकापडाची पिशवी, आणि सगळ्यात वर सुतळी, तीही अशी आवळलेली की गाठ सोडायला दात लागावेत. एकदा आमच्या मराठीच्या सरांनी तास सुरू होताच पुस्तक उघडायला सांगितलं. बाईसाहेबांनी सुतळी सोडली, गुंडाळून ठेवली. मेणकापड झटकलं, घडी केलं. लुगडं उलगडलं, पेपर काढला. तोवर सरांची कविता वाचून झाली, अर्थ सांगून झाला, तास संपल्याची घंटाही झाली. सर खाली वाकून म्हणाले, "नवरी सजवायला लागत नाही एवढा वेळ तुला पुस्तक उघडायला लागतो." ही शांतपणे म्हणाली, "सर, नवरी भिजली तं वाळते." वर्ग हसला, सरही हसले, आणि ही पुन्हा पेपर गुंडाळायला लागली.

छत्रीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "छत्री मानसासाठी असते," ती म्हणायची, "पुस्तकाले तं ते पानी गाळून देते." म्हणून ती पोत्याचा घोंगता करायची. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोपडं तयार होतं, तोच आपल्याकडचा घोंगता. सगळी दुनिया तो डोक्यावर घेते. ही तो पुढून, छातीवर, पुस्तकावर घ्यायची आणि डोकं उघडं ठेवायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहायची, की ही पोरगी शहाणी आहे की पावसानं खुळावली आहे. बसमध्ये चढली की आधी छत तपासायची. तेव्हाच्या लाल बसगाड्या बाहेर पाऊस थांबला तरी आत तासभर गळायच्या. ही एकेका बाकाजवळ जाऊन वर हात लावून पाहायची, कोरडी जागा सापडली की तिथे बसलेल्या माणसाला विनंती करून उठवायची आणि मग बसायची. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून म्हणायचा, "बाई, तपासनी झाली असन तं गाडी सोडू काय?" आणि ही खरोखरच मान डोलावून परवानगी द्यायची.

घरी पुस्तक राहायचं ज्वारीच्या कणगीत. तिच्या घराचं छप्पर कुठे गळेल याचा नेम नव्हता, पण धान्याची कणगी काहीही झालं तरी कोरडीच ठेवलेली असते, हे तिचं गणित. शिवाय ज्वारी ओल ओढून घेते असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिनं परत केलेल्या पुस्तकांना नव्या ज्वारीचा वास यायचा. एकदा लायब्ररीतल्या सरांनी पुस्तक परत घेताना उघडलं, तर भारताच्या नकाशावर ज्वारीतला एक सोंडा किडा मजेत फिरत होता. सरांनी चष्म्यावरून हिच्याकडे पाहिलं. हिनं सोंड्याला बोटावर घेतलं, खिडकीबाहेर सोडलं आणि म्हणाली, "त्याचं नाव नाई सर कार्डावर."

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, पोरगी विक्षिप्तच होती. होतीच. पण त्यामागे एक कारण होतं, आणि ते मला तिथे असल्यामुळेच ठाऊक आहे. आम्ही कॉलेजात गेलो त्या पहिल्या पावसाळ्यात लायब्ररीत एक नियम होता. पाऊस संपेपर्यंत खेड्यातल्या मुलांना पुस्तक घरी मिळणार नाही, इथेच बसून वाचा. सर तसे वाईट नव्हते. आदल्या वर्षी खेड्यांतून पुस्तकं परत आली ती भिजून पुरीसारखी फुगून, आणि त्यांना वरून बोलणी खावी लागली होती. पण बसून वाचा म्हणजे कधी वाचा? तास संपले की शेवटची बस. शहरातली मुलं पुस्तकं घरी न्यायची, आम्ही हात हलवत परत यायचो. एक दिवस ही सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. पोरांशी दोन शब्द न बोलणारी, वर्गात नाव पुकारलं तरी हळूच हजेरी देणारी. म्हणाली, "सर, मले एक पुस्तक देऊन पाहा. भिजलं तं कोनालेच देऊ नका. नाई भिजलं तं सगळ्याइले द्या." सरांनी मुद्दाम एक जुनं, कोणी न मागणारं पुस्तक काढून दिलं. ते तिनं आठवडाभरानं जसंच्या तसं आणून ठेवलं. त्या पावसाळ्यापासून खेड्यातल्या सगळ्या मुलांना पुस्तकं घरी मिळू लागली, ती तिच्या शब्दावर.

म्हणून मग इतरांची पुस्तकंही तिचीच होऊन बसली. एकदा भर पावसात आमच्या वर्गातला एक उंचापुरा मुलगा इतिहासाचं जाडजूड पुस्तक डोक्यावर धरून बसस्टँडकडे पळताना तिला दिसला. ही त्याच्यामागे पळाली, त्याच्या डोक्यावरून पुस्तक ओढून घेतलं आणि आपला घोंगता त्याच्या अंगावर फेकला. "डोस्कं भिजलं तं सर्दी होते," ती ओरडली, "पुस्तक भिजलं तं आमचं समद्याइचं बंद होते, समजलं काय?" तो बिचारा घोंगता पांघरून असा उभा राहिला, जणू त्याला कोणी शाल-श्रीफळ दिलं होतं. त्यानंतर पाऊस आला की आमच्या कॉलेजातली खेड्यांची पोरं पुस्तक सदऱ्याच्या आत, पोटाशी धरायची आणि आधी ती कुठे उभी आहे का ते बघायची.

आता एवढ्या जपणुकीत पुस्तक वाचायला वेळ कधी मिळणार? दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आम्ही दोघीही अर्थशास्त्रात नापास झालो. मी निदान अभ्यास न करता नापास झाले होते. तिची तर रोज पुस्तक सोडण्या-बांधण्यातच अर्धी संध्याकाळ जात असावी. पुरवणी परीक्षा दिवाळीच्या आधी होती. माझे बाबा ओसरीवर सुपारी कातरत म्हणाले होते, "या बारी पास झाली तं झाली. नाई तं कारंज्याचं स्थळ पाहून ठेवलं हाय म्या." बाबा उगाच बोलणारे नव्हते. आईनं गुपचूप माझ्यासाठी पितळेची भांडी काढून घासायला घेतली होती. लायब्ररीत अर्थशास्त्राचं पुस्तक एकच, तेही तिच्या कार्डावर. आमचं ठरलं होतं, की आधी ते तिच्याकडे राहील आणि परीक्षेआधीचे शेवटचे दिवस माझ्याकडे.

आणि नेमकी तेव्हाच झड लागली. परतीच्या पावसाची ती झड अशी होती की कपाशीची फुटलेली बोंडं झाडावरच काळी पडली. नाला दोन्ही काठ भरून वाहू लागला. ठरलेल्या दिवशी सकाळीच मी बाबांना घेऊन नाल्यावर गेले, तर पलीकडे ती आधीच येऊन उभी होती. सोबत तिचे काका, त्यांची बैलबंडी आणि बंडीवर पसरलेली ताडपत्री. नाला रुंद नव्हता, पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू येत होतं; पण पाण्याला ओढ अशी होती की उपटलेलं पळसाचं झाड डोळ्यांदेखत वाहून गेलं. पाणी उतरण्याची वाट पाहत दोन्ही काठांवर पाच-सहा माणसं बसली होती.

मी ओरडले, "पुस्तक फेकून दे इकडे! बांधलेलंच तं हाय!"

तिनं मान हलवली. "नाई!"

आमच्या बाजूचा एक जवान गडी धोतर खोचून पुढे झाला. म्हणाला, "म्या जातो पोहत. डोक्याले बांधून आनतो."

पलीकडून ती ओरडली, "तुमाले पोहता येते भाऊ, पुस्तकाले नाई येत!"

लोक हसले. मला मात्र रडू फुटलं. चार दिवसांवर पेपर, आणि ही बया पुस्तक छातीशी धरून पुतळ्यासारखी उभी. मी रागानं ओरडले, "तुले माह्यापेक्षा पुस्तक मोठं झालं काय वं?" ती काकांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. काकांनी बैल सोडले, ताडपत्री बंडीच्या तीन बाजूंनी खाली ओढली, नाल्याकडची बाजू तेवढी उघडी ठेवली, आणि ही बंडीखाली शिरून मांडी घालून बसली. सुतळी सोडली, मेणकापड, लुगडं, पेपर, सगळं त्याच क्रमानं. मग तिचा बारीक आवाज आला. "वही काढ! म्या वाचतो, तू लिही!"

तिचा आवाज नाल्याच्या मध्यावर येऊन बुडाला. तेव्हा काका उभे राहिले. या काकांची हाक दोन शिवारं ओलांडून जायची. रानात चुकलेली जनावरं ती ऐकून परत यायची अशी त्यांची ख्याती होती. ती बंडीखालून वाक्य सांगायची, काका पावसात उभे राहून ते आभाळाला ऐकवायचे. आणि अलीकडे मी दगडावर बसून पेन्सिलीनं लिहायचे, बाबा माझ्या वहीवर छत्री धरून.

"इतर परिस्थिती कायम राह्यल्यास!" काकांनी पहिली ललकारी दिली, "किंमत कमी झाली की मागनी वाढते!"

आमच्या काठावरून आधी बाबाच म्हणाले, "हे कोनतं गाव हाय बाप्पा, जिथं परिस्थिती कायम राह्यते?"

पोहायला निघालेला गडी म्हणाला, "मागच्या साली ज्वारीची किंमत पडली, तवा कोनती मागनी वाढली? विचारा त्याइले."

कोणीतरी खरंच ओरडून विचारलं. काकांनी वाकून बंडीखाली विचारणा केली आणि उत्तर पाठवलं, "ते पुढच्या धड्यात हाय म्हनते!"

असं करत करत आम्ही घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतापाशी पोहोचलो. काकांची जीभ त्यावर तीनदा अडखळली. चौथ्यांदा त्यांनी तो असा फेकला की पलीकडच्या बैलांनी कान टवकारले. उदाहरण आंब्यांचं होतं. पहिला आंबा खाल्ला की समाधान फार, दुसऱ्याला थोडं कमी, पाचव्याला जवळजवळ नाहीच. "खोटं हाय!" आमच्या काठावरून एक म्हातारा गरजला, "पाचवा आंबा मले आनून द्या, म्या दाखवतो समाधान!" दोन्ही काठ हसले. पुस्तकाला मात्र त्या सगळ्या गडबडीत एक थेंब लागला नाही. बंडीखाली पान उलटण्याआधी ती प्रत्येक वेळी हात पदराला पुसत होती, ते मला अलीकडून दिसत होतं.

दुपार झाली. माणसं आपापल्या भाकरी सोडून तिथेच जेवली. पाऊस कमी-जास्त होत राहिला. काकांचा आवाज हळूहळू फुटायला लागला. "नफा" म्हणताना "फा" तेवढा ऐकू येई. ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते, कारण त्यांचं पोतंही तिनं बंडीखाली पुस्तकाभोवती घेतलं होतं. तेव्हा बाबा पुढे झाले, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत गेले. तिच्या काकांना ते जन्मभर ओळखत होते. काका वयानं मोठे, पण बाबांनी त्यांना कधी नावाखेरीज, अरे-तुरेखेरीज हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बाबांनी हातांचा कर्णा केला आणि ओरडले, "भाऊ! जरा थांबा! घसा बसला तुमचा!"

पलीकडे काका ओरडायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी उजवा हात वर केला. बंडीखालून तिनं डोकं बाहेर काढून आधी काकांकडे आणि मग पाण्यापलीकडे बाबांकडे पाहिलं. थोड्या वेळानं काकांचा आवाज आला, घोगरा पण स्पष्ट, "पाटील, दोनच पानं राह्यली. होऊन जाऊ द्या!"

दोन पानं झाली. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा बाबा आईला मागणी आणि पुरवठा समजावून सांगत होते, आणि आई म्हणत होती, "एवढं तं मले बाजारात रोज समजते."

पेपराच्या दिवशी नाला गुडघ्यापर्यंत उतरला होता. ती पुस्तक डोक्यावर घेऊन अलीकडे आली. आई दारातच उभी होती. म्हणाली, "आत ये वं, ओल्या पायानं बाहेर नोको बसू." चूल आत होती, तिचा चहाही तिथेच झाला. पेपर आटोपल्यावर तिनं पुस्तक लायब्ररीत परत केलं. सरांनी ते हातात घेतलं, उघडलं, पानांवरून बोट फिरवलं आणि मागच्या फळीवर ठेवलं. बाहेर अजून भुरभुर चालूच होती.

आम्ही दोघी पास झालो. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त आले, याचा तिला पुढे कित्येक महिने राग होता. "वाचलं म्या, ओरडले काका, अन् मार्क तुले!" ती म्हणायची. कारंज्याचं स्थळ दुसऱ्या कोणाच्या तरी दारात गेलं. बाबांनी नंतर कधी माझ्या शिक्षणाचा विषय काढला नाही, एकदाच, शेतातून येताना म्हणाले, "तिचे काका मोठे मानूस हाय." एवढंच. मी बी.ए. झाले, मग यथावकाश लग्न होऊन अकोल्याला गेले. ती शिक्षिका झाली; मानोऱ्याकडे, बंजारा तांड्यांच्या भागात, तिला शाळा मिळाली. सुरुवातीला आमची पत्रं चालू होती. पुढे संसार, मुलंबाळं, बदल्या, आणि एका वर्षी उत्तर पाठवायचं राहिलं ते कोणाचं, माझं की तिचं, तेही आता आठवत नाही.

पुष्कळ वर्षांनी वाशीमच्या स्टँडवर ती भेटली. मी माहेराहून परत निघाले होते, ती कुठल्याशा मीटिंगला आली होती. खांद्यावर तिची मुलगी झोपलेली, हातात कापडी पिशवी. एकमेकींना ओळखायला क्षणही लागला नाही. खरं तर बोलायचं किती होतं. त्या दिवशी पाण्यापलीकडून तू मला काय दिलंस ते मला तिला सांगायचं होतं. पण आपल्याकडे अशा गोष्टी तोंडानं बोलायची रीत नाही, म्हणून मी म्हणाले, "जाडी झाली वं तू."

"अन् तू वाळली," ती म्हणाली. "जेवत नाई काय?"

काका गेल्याचं तिनं सांगितलं, बाबा गेल्याचं मी सांगितलं. तेवढ्यात तिची बस लागली आणि लोकांनी दाराकडे धाव घेतली. ती एका हातानं मुलीचं डोकं सांभाळत, दुसऱ्या हातानं दांडा धरून वर चढली. आत जागा नव्हती. गर्दीतून वाकून तिनं खिडकीशी तोंड आणलं आणि म्हणाली, "येजो वं कधी शाळेत. पोरं चांगली हायत."

मी "येतो" म्हणाले. बस वळणावर दिसेनाशी झाली, तरी मी बराच वेळ तिकडेच पाहत उभी होते. जाणं काही झालं नाही.